मोऱ्याची भरती आणि वर्गाचे नियम

माध्यमिक शाळेतील शिक्षक वर्षारंभी आपल्या वर्गाला जे नियम सांगतो, त्यांची गणना आपण सहसा शिक्षणात करीत नाही. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीचा तो एक किरकोळ कारभार आहे, अशा समजुतीने पालक व संस्थाचालक त्याकडे पाहतात, आणि पुष्कळ शिक्षकही पहिल्या तासिकेची काही मिनिटे त्यात उरकून फळ्याकडे वळतात. वस्तुतः वेळेवर या, गृहपाठ करा, परवानगीवाचून बोलू नका, दुसऱ्याचे पाहून लिहू नका, ही चार-पाच वाक्ये म्हणजे मुलाच्या आयुष्यात घराबाहेर प्रथमच येणारा कायदा होय. कायदा कोण करतो, तो कोणाला लागू होतो, त्याच्यापुढे आपली कैफियत मांडण्याची सोय आहे की नाही, आणि कायदा करणारा स्वतः तो पाळतो काय, या प्रश्नांची उत्तरे तेरा-चौदा वर्षांचे मूल नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून नव्हे, तर आपल्या वर्गशिक्षकाच्या वर्तनातून शिकत असते. म्हणून या नियमांचा विचार सावकाशीने व्हावयास हवा.

त्यासाठी मोरा हे ठिकाण डोळ्यांपुढे ठेवणे मला उपयुक्त वाटते. ब्रिटिश अमदानीत उरण हा पनवेल तालुक्याचाच एक पेटा होता. त्या उरणचे हे बंदर. पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर, समोर घारापुरीचे बेट, आणि पलीकडे मुंबईचा भाऊचा धक्का, जेथे लाँचने पोहोचावयास पाऊण ते एक तास लागतो. कोळीवाड्यातील मासेमारी, आसपासची आगरी शेती व मिठागरे यांवर या किनाऱ्याचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, पुढे जमिनी संपादनाखाली गेल्या, १९८४ च्या जानेवारीत त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले, १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, आणि २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत रेल्वेही आली. इतक्या थोड्या अवधीत ज्या मुलुखाचा व्यवसाय, जमीन आणि वाट ही तिन्ही बदलली, तेथील मुलांना शिस्त कशी लावावी हा प्रश्न साहजिकच नाजूक आहे. कारण आजोबांचे दिवसमान समुद्राने ठरविले होते, नातवाचे मात्र शाळेची घंटा ठरविते.

या दोन दिवसमानांचा मेळ बसत नाही, याचा हिशेब किनाऱ्यावरच्या कोणत्याही वृद्धाला तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अदमासे कळते. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा वा अमावास्येस बाराच्या आगेमागे समुद्र भरतो. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे भरती दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, आणि घंटा मात्र जागची हलत नाही. मोरा बंदरात गाळ साचत असल्यामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागणे दुरापास्त होते व फेऱ्या खोळंबतात, ही तेथील प्रवाशांची जुनी तक्रार आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही तितकीच खोल जाते आणि ती येते पहाटे व सायंकाळी सहाच्या सुमारास, ज्या वेळी कामावर जाणारा माणूस धक्क्यावर उभा असतो. ज्या घरात आई माशांच्या खरेदीविक्रीसाठी पहाटे बाहेर पडते आणि धाकट्या भावंडांचे आवरणे नववीतल्या मुलीवर येते, त्या घरात आईची लाँच अडकली की मुलीचा पहिला तास बुडालाच.

अशा मुलीला ‘उशिरा येणाऱ्याने वर्गाबाहेर उभे राहावे’ हा नियम लावला, तर नियमाची अंमलबजावणी होईल, पण न्याय होणार नाही. याचा अर्थ उशिरा येण्याची सर्वांना मुभा द्यावी असा मुळीच नाही. वक्तशीरपणा हा गुण गरिबाच्या मुलाला श्रीमंताच्या मुलापेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण पुढे नोकरीच्या जागी त्याच्यासाठी रदबदली करणारे कोणी नसते. अर्थ इतकाच की, उशीर झालेल्या मुलाने शांतपणे आत येऊन आपल्या जागी बसावे, कारण तासिकेच्या शेवटी सांगावे, आणि बुडालेला भाग मधल्या सुट्टीत सोबत्याच्या वहीवरून भरून काढावा, असा नियम असेल तर त्यात शिस्तही राहते आणि शिक्षणही बुडत नाही. दाराबाहेर उभा राहिलेला विद्यार्थी शिकत नाही, आणि विद्यार्थ्याचे शिकणे थांबविणारा नियम शाळेत कशाला हवा, या प्रश्नाला मला तरी समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. आणि वर्गशिक्षकाच्या मेजावर हजेरीपत्रकाशेजारी पंचांगही असले, तर वारंवार होणाऱ्या कोणत्या उशिरामागे समुद्र आहे व कोणत्या उशिरामागे आळस, हे त्याला पुष्कळसे कळेल.

शिक्षक वर्गाचे नियम करतो ते मोकळ्या मैदानात नव्हे. त्याच्या डोक्यावर माध्यमिक शाळा संहिता आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम व त्याखालील १९८१ ची नियमावली आहे. आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आहे. या शेवटच्या कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली. पंतोजींच्या काळापासून चालत आलेले अंगठे धरणे, बाकावर उभे करणे, छडी, ही सर्व त्या कलमाने बाद ठरली. पण त्याहूनही महत्त्वाचे हे की, भर वर्गात बापाच्या धंद्यावरून वा जातीवरून टोमणा मारणे, गुणपत्रिका वाचताना ‘ढ’ म्हणून हिणवणे, हेही त्यात आले. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात सामील होताना जी जबाबदारी पत्करली, तीत शाळेची शिस्त बालकाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असावी असे स्पष्ट कलम आहे. त्याचा आपल्या कायद्यात उतरलेला हा एक अंश होय.

याच कायद्याचे कलम २४ पालकांनी अवश्य वाचावे, कारण त्यात विद्यार्थ्यांची नव्हे, शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. शिक्षकाने नियमित व वेळेवर उपस्थित राहावे, ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करावा, प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पाहून गरज असेल तेथे जादा शिकवावे, आणि पालकांच्या सभा घेऊन हजेरी, प्रगती व इतर माहिती त्यांना द्यावी. कलम २८ अन्वये त्याने खासगी शिकवणी करू नये. सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस व १००० तास अध्यापन व्हावे, असेही त्या कायद्याच्या परिशिष्टात नमूद आहे. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना, म्हणजे आठवीपर्यंत, लागू आहे. त्यामुळे एकाच हायस्कुलाच्या एकाच जिन्यावर आठवीचा विद्यार्थी या कायद्याच्या छत्राखाली आणि नववीचा विद्यार्थी त्याच्या बाहेर, अशी विचित्र स्थिती निर्माण होते. सुजाण शिक्षकाने ही सीमारेषा आपल्या वर्गात शिरू देऊ नये. पंधराव्या वर्षी मुलाची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट तिची जाणीव तीव्र होते.

वर्गातील बोलण्याविषयीचा नियम हा मला सर्व नियमांत अधिक मोलाचा वाटतो, आणि तोच फार निष्काळजीपणे केला जातो. ‘शांत बसा’ हा हुकूम देणे सोपे. पण शांत वर्ग आणि शिकणारा वर्ग या दोन भिन्न वस्तू आहेत. मोरा-उरणच्या परिसरातील मूल घरी आगरी किंवा कोळी बोली बोलते. त्या बोलीला स्वतःचा डौल आहे, माशांची, वाऱ्यांची, जाळ्यांची, मिठाच्या आगरातील कामांची अशी विपुल शब्दसंपत्ती आहे जी प्रमाण मराठीत नाही, आणि ती बोलणारे मूल जेव्हा उत्तर देण्यास उठते तेव्हा त्याच्या पहिल्याच क्रियापदावर वर्ग हसला व शिक्षकाने ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावले, तर त्या वर्षी ते मूल पुन्हा हात वर करील ही आशा सोडावी. म्हणून नियम असा हवा की, तोंडी उत्तर ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत द्यावे; उत्तराचा आशय प्रथम पाहिला जाईल; लेखी उत्तर प्रमाण भाषेत कसे उतरवावे हे शिक्षक नंतर शिकवील; आणि कोणी कोणाच्या बोलण्याला हसणार नाही. प्रमाण भाषा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, कारण परीक्षा, नोकरी व न्यायालय यांचा व्यवहार तिच्यातच होतो. परंतु ती घरच्या बोलीत भर म्हणून यावी, तिची जागा बळकावणारी म्हणून नव्हे. प्रश्न विचारण्याचेही तसेच. ‘मला समजले नाही’ हे वाक्य उच्चारणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गात मान आहे, हे शिक्षकाने नुसते सांगून भागत नाही. पहिल्या पंधरवड्यात कोणी तसे म्हटले की तो भाग न चिडता पुन्हा शिकवून दाखवावे लागते. मुले शब्दांपेक्षा त्या पंधरवड्यावर विश्वास ठेवतात.

गृहपाठाच्या नियमामागे एक घर गृहीत धरलेले असते, ज्यात दिवा आहे, मेज आहे, आणि संध्याकाळी रिकामा वेळ आहे. समोरच्या घारापुरी बेटावरील राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन वस्त्यांना समुद्रतळाखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या तारेने वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. तोपर्यंत सायंकाळचे काही तास चालणाऱ्या जनित्रावर बेटाची रात्र भागत असे. जगप्रसिद्ध लेणी पाहण्यास देशोदेशींचे प्रवासी जेथे दिवसभर येत, मुंबईचा झगमगाट जेथून रात्रभर दिसे, तेथील मुलाला ‘गृहपाठ का केला नाहीस’ असे विचारणाऱ्या शिक्षकाला ती रात्र ठाऊक असणे अगत्याचे होते. वीज आली तरी घरोघरच्या परिस्थितीतील अंतर संपलेले नाही. तेव्हा गृहपाठ थोडा, रोज होईल इतका द्यावा; तो वर्गात सुरू करून घरी पूर्ण करावयाचा असावा; आणि जो दिला तो तपासलाच पाहिजे. महिनोन्‌महिने न तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा विद्यार्थ्याला हेच शिकवितो की शब्द द्यावा आणि मोडावा. ‘वही सोमवारी द्या’ असा नियम करणाऱ्या शिक्षकाने ‘ती मी शुक्रवारी परत देईन’ हे वाक्य त्याच दमात म्हटले पाहिजे.

गुणांच्या बाबतीत तर हा परस्पर करार लेखी असावा. दहावीच्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रांचे शंभरांपैकी वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातचे असतात. २०१८-१९ या एका वर्षी ते बंद झाले आणि पुढील वर्षापासून पुन्हा सुरू झाले. उत्तीर्ण होण्यास पस्तीस लागतात हे ध्यानात घेता, शिक्षकाच्या हातातील हे वीस गुण काठावरच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने केवढे आहेत हे सांगावयास नको. ते कशासाठी किती मिळणार याचा जाबता जूनमध्येच वर्गाच्या भिंतीवर लागला, तर फेब्रुवारीत कोणाला पक्षपाताचा संशय घेण्यास जागा राहत नाही. मंडळाच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते, हेही वर्षाच्या आरंभी सांगावे आणि दर महिन्याला ज्याचे खाडे वाढत असतील त्याला एकांतात आठवण द्यावी. वर्षअखेर हजेरीचा आकडा तोंडावर फेकणे ही शिस्त नव्हे. नकल करण्याविषयी मात्र नियम कडक असावा आणि त्यात सवलत असू नये. भ्रमणध्वनीविषयी एवढेच म्हणतो की, तो मुलांच्या दप्तरात बंद राहावा असे वाटत असेल तर तो शिक्षकाच्या खिशातही तासिकाभर बंद राहावा.

नियम देणाऱ्याला प्रथम बांधतो, हे तत्त्व महाराष्ट्राने सर्वांत स्पष्टपणे पाहिले ते अमळनेरला. पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली तेथील हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. स्वच्छतेविषयी व्याख्याने देण्याऐवजी मुले शाळेत गेली असता त्यांच्या खोल्या झाडणे, पसरलेली अंथरुणे आवरणे, मळलेले कपडे धुऊन ठेवणे हा त्यांचा परिपाठ होता. परत आल्यावर आवरलेली खोली पाहून जो संकोच मुलांना वाटे, त्याने जे काम केले ते दंडाने झाले नसते. छात्रालयासाठी ते स्वहस्ते दैनिक लिहून काढीत, त्यातून मुलांशी बोलत. त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही चालविले. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी ती नोकरी सोडली, म्हणजे त्यांची मास्तरकी अवघी सहा वर्षांची. तरी ‘गुरुजी’ ही पदवी जन्मभर व मरणानंतरही त्यांच्या नावाला चिकटून राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ पासून साताऱ्यास वसतिगृह चालविले, तेथेही सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे, आपली कामे आपण करावी, हा नियम व्यवस्थापक स्वतः पाळत होते म्हणूनच टिकला. त्या रयतेच्या शाखा आज उरण तालुक्यातही आहेत.

पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, यानुश कोर्चाक या वैद्याने १९१२ पासून चालविलेल्या अनाथाश्रमात हे तत्त्व आणखी एक पाऊल पुढे गेले होते. तेथे मुलांचे न्यायालय होते, न्यायाधीश मुलेच असत, आणि फिर्याद जशी मुलावर तशी शिक्षकावरही दाखल करता येई. स्वतः कोर्चाक त्या न्यायालयापुढे एकाहून अधिक वेळा उभे राहिले. त्या न्यायालयाच्या संहितेतील प्रारंभीची बहुतेक सर्व कलमे क्षमेची होती, कठोर कलमे शेवटी व विरळ. १९४२ च्या जुलैत, नाझींनी कोंडलेल्या वस्तीत उपासमार चालू असताना, त्या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. ऑगस्टमध्ये मुलांना मृत्युछावणीकडे नेण्यात आले तेव्हा कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले. ज्याने मुलांना आपल्यावर फिर्याद करण्याचा अधिकार दिला त्याने मुलांची साथ अखेरपर्यंत सोडली नाही, या दोन गोष्टी एकाच स्वभावाच्या आहेत असे मी मानतो.

आपल्या शाळांतही फिर्यादीची तजवीज आज नियमाने आहे. तक्रारपेटी लावणे शाळांवर बंधनकारक आहे, आणि २०२२ च्या शासन निर्णयाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करावयाच्या आहेत. पेटी आहे, पण ती कोण व कोणत्या दिवशी उघडतो, आणि चिठ्ठीचे पुढे काय झाले हे लिहिणाऱ्याला कसे कळते, याची माहिती वर्गात कोणी दिली नसेल तर ती पेटी भिंतीवरच राहते. ही माहिती देणे हे पहिल्या दिवसाच्या नियमकथनाचे एक अंग असले पाहिजे. तसेच, शिक्षेऐवजी भरपाईचा शिरस्ता घालावा. बाक मोडणाऱ्याने शिपायाबरोबर बसून तो दुरुस्त करावा. सोबत्याचा अपमान करणाऱ्याने जेथे केला तेथेच माफी मागावी. शिक्षकाच्या हातून अपमान घडला तर त्यानेही तेच करावे. अशा माफीने अधिकार कमी होतो ही भीती निराधार आहे.

विद्यार्थ्यांकडून अपेक्षा मात्र मोठ्या ठेवाव्यात. कोळ्याच्या, आगऱ्याच्या, बंदरातील हमालाच्या मुलाविषयी ‘याच्याकडून एवढेच होणार’ असे मनात धरून केलेली सवलत ही दयेच्या वेषातील उपेक्षा होय. ज्या बंदरासाठी त्याच्या घरची जमीन गेली, त्या बंदरात तो अभियंता, जहाजावरील अधिकारी, हिशेबनीस, सागरी जीवशास्त्रज्ञ होऊ शकतो, हे गृहीत धरूनच त्याची वही तपासली पाहिजे, आणि चूक दिसेल तेथे लाल शाई आखडती घेता कामा नये.

राहिला पालकांचा प्रश्न. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. म्हणजे वर्षातील पहिला दीड महिना असा असतो की नौका किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत, जाळ्यांची दुरुस्ती चालली आहे, आणि बाप घरी आहे. ऑगस्टात नौका सुटल्या आणि नारळी पौर्णिमा झाली की त्याची गाठ पडणे कठीण. म्हणून मोऱ्यासारख्या गावी पहिली पालकसभा जुलैतच, संध्याकाळी, शक्य तर कोळीवाड्यातच घ्यावी. वर्गाचे नियम तेथे मोठ्याने वाचून दाखवावेत, विद्यार्थ्यांनी पाळावयाचे आणि शिक्षकाने पाळावयाचे, दोन्ही. ज्याला हरकत असेल त्याला ती तेथेच घेऊ द्यावी. हरकत रास्त असेल तर नियम त्याच सभेत दुरुस्त करावा, आणि दुरुस्त झालेली प्रत दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर वर्गाच्या भिंतीवर लावावी.